घरकुलाच्या कामात गावात मदत करताय? कुठं कुठं अडतं ते इथं लिहा

पारावरची वही (बीड)

नमस्कार मंडळी.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्याला जातं, पाडव्याच्या आगंमागं परत येतं. मागच्या वर्षीपासून आम्ही चौघं, म्हणजे मी, कॉलेजची दोन पोरं आणि आमच्या आशाताई, दर रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर वही घेऊन बसतो. ज्याला घर नाही, ज्याचं पावसात पडलंय, ज्याचं घरकुल मंजूर होऊन अडकलंय, त्यानं यावं. यादीत नाव बघायचं, कागद बघायचे, लागलंच तर पंचायत समितीला सोबत जायचं. पैसा घ्यायचा नाही, चहा घ्यायचा.

बसायच्या आधी वाटायचं, लोकांना योजना माहीत नसतील, आपण सांगितल्या की झालं. पहिल्याच रविवारी आमची जिरली. सत्तरीची आजी येऊन म्हणाली, "माझं ड यादीत हाय बाबा, पर नंबर येईना." माहिती गावाला आमच्यापेक्षा जास्त. अडतं ते भलतीकडंच.

एक सांगतो. तिघं भाऊ. घराचा नमुना आठ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) वडिलांच्या नावावर, वडील वारून कितीतरी वर्षं झाली, वारस नोंद कुणी लावलीच नाही. रेशन कार्ड एक, चुली तीन. थोरल्याला घरकुल मंजूर झालं तर धाकटा संमतीपत्रावर अंगठा देईना. दोन रविवार दोघांना पारावर बसवून चहा पाजला, काही उपयोग नाही. तिसऱ्या रविवारी धाकट्याची बायको आली. म्हणाली, "देतो की लिहून. फक्त आमच्या दारापुढची बैलगाडी जायची वाट सोडा म्हणावं भाऊजींना." भांडण एवढंच होतं. वाटेचं. चार महिने फाइल त्याच्यावर बसली होती.

तुमच्याकडं काय अडतं, कसं सोडवलं, सविस्तर लिहा. राजकारणाचे धागे वेगळे आहेत, इथं नको.

जिंतूरकर (परभणी, निवृत्त)

चांगलं काम धरलंय. आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण मी ग्रामसेवक म्हणूनच घरी आलो, त्यामुळं तेच लावतो.

यादीचा घोळ आधी निस्तरा, कारण लोक "ब" आणि "ड" मिसळतात. पंतप्रधान आवास ग्रामीण २०१६ ला सुरू झाली, त्याआधी इंदिरा आवास होती. पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावरून निघाली, ती प्रपत्र ब. त्यात जे सुटले त्यांचं २०१८-१९ मध्ये आवास प्लसवर सर्वेक्षण झालं, ती प्रपत्र ड. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यासाठी २०२५ मध्ये नवीन सर्वेक्षण झालं, त्यात लोकांना स्वतःच्या मोबाइलवरूनही नोंद करता येत होती. तेव्हा माणूस आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: तुझी नोंद कोणत्या वेळची?

मंजूर झालंय का ते बघायला पंचायत समितीत जायची गरज नाही. योजनेच्या आवाससॉफ्ट वेबसाइटवर रिपोर्ट, त्यात सोशल ऑडिट रिपोर्ट, त्यात बेनिफिशरी डिटेल्स. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष, योजना निवडा. खाली बेरीज-वजाबाकीचं एक गणित येतं, ते सोडवलं की गावची यादी उघडते. हप्ता किती सुटला तेसुद्धा दिसतं. ती यादी छापून पारावर चिकटवा. निम्मे दलाल तिथंच गार.

दुसरं, अपात्रतेचे निकष बदललेत. आधी १३ होते, आता १० आहेत. घरात मोटारसायकल आहे, फ्रीज आहे म्हणून नाव जायचं, ते गेलं. महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांची १५ हजार झाली. पण ५० हजार किंवा त्यावर मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, चारचाकी, घरात सरकारी नोकरी, अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत, हे अजून आहे. जिरायतीचा निकष आपल्याकडं लई लोकांना मारतो. पाच एकर मुरमाड कोरडवाहूत काय पिकतं हे निकष लिहिणाऱ्यानं एकदा सेलूच्या माळावर येऊन बघावं. सातबारा वडिलांच्या नावावर सामाईक असेल तर आधी तहसीलला कलम ८५ ची वाटणी करून घ्या, मग प्रत्येकाच्या वाट्याला खरी किती येते ते कागदावर दिसतं.

आता एक कबुली. २०१८ च्या सर्वेक्षणाला मी स्वतः घरोघर फिरलो होतो. दिवस थंडीचे. तांड्यावर गेलो तर ओळीनं कुलपं. फोटो घ्यायचा तर माणूस पाहिजे, घर उघडं पाहिजे. दोन चकरा मारल्या, तिसरी मारली नाही. मुदत संपत आली होती. ती माणसं कारखान्यावर होती हे मला माहीत होतं. आज ड यादीत त्या तांड्याची नावं का नाहीत असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर मी आहे.

सेतूवाली (जालना)

वाचतेय. जिंतूरकर काका, हे लिहायला हिंमत लागते.

माझं महा ई-सेवा केंद्र आहे, रोज बघते ते सांगते. नाव. आधारवर माहेरचं, बँकेत सासरचं, रेशन कार्डावर "गं. भा." लावलेलं, रोजगार हमीच्या जॉबकार्डावर टोपणनाव. घरकुल बहुतेक बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं, म्हणून हा घोळ बायांच्याच वाट्याला. कागद जमवायच्या आधी आधार दुरुस्त करा, बाकी सगळं त्याच्याबरहुकूम करा. उलटं केलं की प्रत्येक कागदाला दोनदा पैसे.

दुसरं, खातं. "पैसे आलेच नाहीत" म्हणत एक मावशी तीन महिने बँकेच्या चकरा मारत होत्या. पैसे आले होते, पण कुठल्या तरी मेळाव्यात उघडलेल्या जुन्या खात्यात. पासबुक ट्रंकेत लुगड्याच्या घडीत. आधारला कोणती बँक जोडलीय ते आधी बघा, मग भांडायला जा.

किल्लारीचा (लातूर)

इथं थोडं वेगळं लिहितो, विषयाला धरूनच आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला मी सहावीत होतो. आदल्या रात्री गणपती बुडवले होते. आमचं घर माळवदाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर वर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. उन्हाळ्यात आत इतकं गार की पंखा नको. ती मातीच अंगावर आली. जास्त लिहीत नाही.

पुनर्वसनात घर मिळालं. तेव्हा कुटुंब एक होतं, आता आमची तीन झालीत आणि घर तेच. माझा धाकटा भाऊ अर्जाला गेला तर त्याला सांगितलं, तुम्हाला भूकंपात घर मिळालंय, परत कसं? घर वडिलांना मिळालं होतं, तेव्हा तो पाळण्यात होता. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली लेकरं. त्यानं रेशन कार्ड विभक्त केलं, ग्रामसभेत हात वर करून विषय मांडला, इतिवृत्तात लिहून घेतला. इतिवृत्ताची नक्कल मागून घेतली हे महत्त्वाचं. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. आता नव्या सर्वेक्षणात त्याची नोंद आहे.

शंकेखोर

सगळं ठीक. पण १ लाख २० हजारात आज घर होतं का? २०१६ ला हाच आकडा होता. सिमेंट, सळई तिथंच थांबलीय का?

जिंतूरकर

नाही होत. खोटं कशाला बोलू.

पण हिशेब पूर्ण मांडा. १.२० लाख अनुदान. वर रोजगार हमीचे ९० दिवस, २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, म्हणजे २८ हजार ८०. शौचालयाचे १२ हजार. दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना राज्यानं एप्रिल २०२५ ला ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर सौर बसवलं तर. पाच ब्रास वाळू फुकट, तहसीलची पावती घेऊन. लोक फक्त १.२० धरतात आणि रोजगार हमीचं सोडून देतात, कारण मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढायला कुणी मागं लागत नाही. काम चालू असतानाच मस्टर निघालं पाहिजे, घर झाल्यावर निघत नाही.

आणि २६९ चौरस फूट ही कमीत कमी मर्यादा आहे. आपल्या माणसाला घर म्हटलं की पुढं ओटा, वर जिना लागतो. सरकारी पैशात पाया मोठा घेतात आणि स्लॅबला येऊन अडकतात. पाया लहान घ्या असं सांगायला गेलो की शिव्या मिळतात, तरी सांगा.

गोदाकाठ (नांदेड)

योजना एकच नाही हेही लोकांना सांगा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, आदिवासींना शबरी, ओबीसी आणि विशेष मागासांना २०२३ पासून मोदी आवास, भटक्या-विमुक्तांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. आमच्या वस्तीत एका ताईचं नाव ड यादीत फार खाली होतं, त्या वाट बघत बसल्या होत्या. रमाईचा अर्ज वेगळा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

स्वतःची जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला १ लाखापर्यंत मिळतात, ५०० चौरस फुटांपर्यंत. आधी ५० हजार होते. तुकडेबंदीतून (जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी) घरकुलाला सूट आहे, पण परवानगी घ्यावी लागते. खरी अडचण वेगळी: गावठाणालगत जागा विकायला कुणी तयार नसतं, आणि घेणारा आमच्या वस्तीतला असेल तर अजिबातच नसतं. हे कोणत्या परिपत्रकात येणार?

आणि ओळख पटवायला करतात ते चेहरा स्कॅनिंगचं. ताईंच्या बोटांचे ठसे केव्हाच झिजलेत, म्हणून चेहरा घ्यायला गेलो. मोबाइल म्हणतो डोळे मिचकवा. ताईंना मोतीबिंदू. त्या मिचकवायच्या तर दोन्ही डोळे घट्ट मिटूनच घ्यायच्या, आणि उघडेपर्यंत वेळ संपायची. सहा-सात वेळा झालं. शेवटी त्यांची नात समोर उभी राहिली, म्हणाली, "आजी, माझ्याकडं बघ, मी करते तसं कर." पोरीनं पापण्या फडफडवल्या, आजीनं फडफडवल्या, हिरवी गोल रिंग आली. सगळी वस्ती हसायली होती.

गुंठेवारीकर (छत्रपती संभाजीनगर)

शहराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पंतप्रधान आवासच्या शहरी योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून आहे. स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख, दीड केंद्राचे आणि एक राज्याचा. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत.

पण स्वतःची जागा म्हणजे काय? आमच्या वसाहतीत सगळे प्लॉट बाँडवर घेतलेले. वीस बाय तीस, शंभराच्या स्टँपवर लिहून दिलेलं, मूळ मालक वारला. नळ आहे, मीटर आहे, घरपट्टी भरतो, मतदान करतो, तरी मालकी नाही. गुंठेवारीचा (असले बिनपरवाना छोटे प्लॉट नियमित करायचा) कायदा २००१ चा, २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आणलं. नियमित करून घ्या म्हणतात, पण त्याचं शुल्क भरायला जे पैसे लागतात ते असते तर अडीच लाखाच्या मागं कशाला लागलो असतो?

घर तयार पाहिजे असेल तर म्हाडाच्या इथल्या मंडळाची सोडत बघत राहा, मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची घरं त्यात असतात. नोंदणी ऑनलाइन, आधार-पॅन-अधिवास आधीच चढवून ठेवता येतं. म्हाडाचा कुणीही एजंट नसतो. "आतून काढून देतो" म्हणणाऱ्यानं आमच्या शेजाऱ्याचे ४० हजार आतूनच काढले.

शंकेखोर

ही मदत केंद्रं म्हणजे नवे दलालच की. आज चहा, उद्या पाकीट.

सेतूवाली

दादा, शंका बरोबर आहे, सूर चुकीचा. पारावर उघड्यावर बसून, वहीत सगळ्यांपुढं लिहून पाकीट घेता येत नाही. मी तर म्हणते कुणाचा ओटीपी विचारायचा नाही आणि कुणाचा मूळ कागद रात्रभर आपल्याकडं ठेवायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहा.

पारावरची वही

लिहिलं. पहिल्या पानावर.

जिंतूरकर काका, तुमची कुलपं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण आमचं गाव म्हणजे तीच कुलपं. आमच्या वहीतली सगळ्यात अवघड नोंद सांगतो.

एक जोडी, आमच्याकडं कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, दसऱ्यानंतर गेले. डिसेंबरात इकडं घरकुल मंजूर. पहिला हप्ता १५ हजार खात्यावर. काम १२ महिन्यांत पूर्ण करायचं. घरी फक्त म्हातारी आणि दोन शाळेची लेकरं. पायाचा फोटो घ्यायला लाभार्थी पाहिजे. उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही. पाडव्याला परत येणार तेव्हा विहिरी कोरड्या, टँकर चालू. बांधकामाला पाणी कुठलं? पाणी येतं मृगानंतर, तेव्हा काळ्या मातीत पाया खणला की डबकं. मग पेरणी. मग दसरा.

म्हणजे ऑफिसच्या कॅलेंडरात १२ महिने आहेत. त्या जोडीच्या कॅलेंडरात घर बांधायला एप्रिल-मे असे दोनच आहेत, आणि त्याच दोन महिन्यांत पाणी नाही. पैसा असतो तेव्हा माणूस नसतो, माणूस असतो तेव्हा पाणी नसतं. मग नोटीस येते: "आपण काम सुरू केले नाही, रक्कम वसूल का करू नये."

यावर कुणाला काही सुचतंय का?

पवार_औसा

मस्टरवर दुसऱ्यांची नावं टाकून काम सुरू दाखवा, आमच्याकडं सर्रास चालतं.

जिंतूरकर

असलं कुणाला शिकवू नका. कोयत्यावरच्या माणसाची हजेरी गावात लागली आणि तक्रार झाली तर वसुली त्याच्याच बोकांडी. म्हातारीचं नाव जॉबकार्डात असेल आणि ती खरंच काम करत असेल तर तिची लावा.

घरकुल इंजिनिअर

मी याच कामावर आहे, कंत्राटी. तालुका सांगत नाही. शिव्या आम्हाला पडतात म्हणून थोडी आमची बाजू. एकाकडं गावं भरपूर, पेट्रोल पदरचं, वरून रोज विचारणा, "किती पूर्ण?" बंद घराला आम्ही नोटीस काढतो कारण न काढली तर आम्हाला निघते.

पण 'पारावरची वही' यांनी लिहिलंय त्यावर रस्ता आहे. जायच्या आधी, दसऱ्यापूर्वी, लाभार्थ्यानं गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्यावा: आम्ही ऊसतोडीला जात आहोत, अमुक महिन्यात परत येऊ, घरी अमुक व्यक्ती आहे, फोन नंबर हा. पोच घ्यावी. मंजुरी नंतर आली तरी तो अर्ज फाइलला लागतो, आणि नोटीस काढायच्या आधी आम्ही फोन करतो. मी तरी करतो. पोच असली तर साहेबांपुढं मलाही बोलता येतं.

दुसरं, जागेची आखणी आणि कागद हे सगळं माणूस गावात असतानाच, पावसाळ्यात उरकून ठेवा. वाळूची पावतीसुद्धा. आल्या दिवशी पाया खणायला घेतला तर मृगाच्या आत स्लॅब पडतो. पाण्याला तोड नाही, टँकर घ्यावाच लागतो. चार-पाच घरांचा पाया एकाच आठवड्यात घ्या, टँकर वाटून घ्या, मिस्त्रीही एकच धरा. सेंट्रिंगवाला एका घराला येत नाही, पाचांना येतो.

गोदाकाठ

तक्रार असेल तर लोकशाही दिन विसरू नका, आणि माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस. "माझा हप्ता का थांबला" असं विचारू नका, "माझ्या फाइलवर कोणत्या तारखेला काय शेरा आहे त्याची प्रत द्या" असं मागा. शेऱ्याची प्रत मागितली की बहुतेक वेळा प्रतीच्या आधी हप्ताच येतो.

किल्लारीचा

+१. आमच्याकडं सेम झालं.

पारावरची वही (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतोय.

ती जोडी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आली. मधल्या काळात आम्ही म्हातारीला घेऊन पंचायत समितीत गेलो, उशिरा का होईना अर्ज दिला, पोच घेतली. नोटीस थांबली. इंजिनिअर साहेबांचं ऐकून गावातली चार घरं एकत्र घेतली. टँकरचे पैसे चौघांत वाटले, त्यावरून एकदा भांडण झालं (कुणाच्या हौदात आधी सोडायचं), ते आशाताईंनी मिटवलं.

जोत्याचा फोटो काढायला रेंज नव्हती. साहेब, ती बाई आणि मी असे तिघं शेजारच्या लिंबाखाली उभं राहून मोबाइल वर धरत होतो. बाई फोटोत नव्या जोत्यावर उभी, डोक्यावर पदर, हातात पाटी तशीच. ठेव म्हटलं तरी ठेवली नाही.

परवा स्लॅब पडला. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरलंय. म्हातारीला जिना नाही, शिडीवरून चढता येत नाही, म्हणून ती खालून ओरडून विचारती, "आटलं का रं?" आणि नातू वरून तांब्या दाखवतो.

एक प्रश्न राहिलाय. मोठा हप्ता पडला, पण रोजगार हमीच्या दोन मस्टरचे पैसे अजून नाहीत. काम खरं, हजेरी खरी. जिंतूरकर काका, हे कुणाकडं विचारायचं, पंचायत समितीत की तहसीलला?

जिंतूरकर

पंचायत समितीतच, रोहयो (रोजगार हमी) कक्षात. आधी रोजगार सेवकाकडून मस्टर क्रमांक घ्या, तो नसला तर कुणी दाद देत नाही. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळे मीटिंगला असतात.